डॉक्टरीणबाईंची उघडी गाडी

“मिस्त्री, ही गाडी अजून चार-पाच वर्षं चालेल, असं तुम्ही सांगायचंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी अजून बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. हात पुसत त्यांच्याकडे बघत राहिलो. बाई लोणावळ्यात बाळंतपणाचा लहानसा दवाखाना चालवत. पेशंटला तपासल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. माझ्याकडून मात्र त्यांना निदान आधी हवं होतं आणि तपासणी मागाहून.

“सगळं ठरलेलंच आहे, तर गाडी माझ्याकडे कशाला आणलीत?” मी विचारलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती आणि त्यांचे ड्रायव्हर हुसेनभाई तिच्या मडगार्डवर फडकं फिरवत होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बाई हळू बोलत होत्या.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची ही गोष्ट. बाजार संपतो तिथं मुंबई-पुणे रस्त्याला लागून माझं गॅरेज होतं. निम्मं काम बंगलेवाल्यांच्या गाड्यांचं. घाट चढून आलेल्या गाडीचा रेडिएटर आधणासारखा खदखदत असे. तो निवेपर्यंत आतला शेठ माझ्यावर खदखदत असे. उरलेलं काम गावातल्या मोजक्या गाड्यांचं, आणि त्यांत बाईंची गाडी माझी लाडकी.

ती अमेरिकन टूरर होती. टूरर म्हणजे उघडी गाडी. वर ताडपत्रीचं हूड, बाजूंना काचा नाहीत. बाईंच्या यजमानांनी ती नवी घेतली होती. ते गेल्यावर बाई तिच्यातून मळवली, कामशेत आणि पुढच्या खेड्यांत जात. एखादी बाई अडली, की तिला मागच्या सीटवर आडवी घालून दवाखान्यात आणत. हुसेनभाई पहिल्या दिवसापासून त्या गाडीवर. कामशेतचे राहणारे, त्याआधी टांगा हाकायचे. घोड्याला खरारा करावा तशी त्यांनी गाडी ठेवली होती. काल-परवा घेतलेली गाडी तिच्या शेजारी उभी केली तरी मालकाला ओशाळं व्हावं.

“भुशीच्या बाजूला एका शेठचा बंगला आहे ना,” बाई सांगू लागल्या, “ते आता बंगला बंद करतायत. त्यांची गाडी विकायचीय. जुनीच आहे, पण माझ्या गाडीपेक्षा पुष्कळ नवी. बंद गाडी, मिस्त्री. दारं-काचा असलेली. कळा येणारी बाई पावसात भिजणार नाही, रस्त्यानं चार लोक वाकून बघणार नाहीत. मला ती हवीय.”

“मग अडलंय कुठं?”

“शेठचे मुनीमजी म्हणतात, गाडी ड्रायव्हरसकट घ्यायची.”

आता कळलं. बंगलेवाल्यांत तेव्हा ही पद्धतच होती. गाडी विकली, की तिचा ड्रायव्हर गाडीबरोबर नव्या मालकाकडे जायचा. त्याची भाकरी तुटत नसे आणि जुन्या मालकाचा शब्द राही. पद्धत चांगली, पण बाईंचा दवाखाना काही दोन ड्रायव्हर पोसणारा नव्हता. हुसेनभाईंची दाढी पांढरी झालेली. त्यांना या वयात कोण ठेवून घेणार?

“तुम्ही ही गाडी चालेल म्हटलंत, की मी मुनीमजींना नको म्हणून कळवते,” बाई म्हणाल्या. “मग हुसेनभाईंचा प्रश्नच येत नाही.”

“आणि चालणारी नसली तर?”

बाईंनी पुन्हा बाहेर, हुसेनभाईंकडे बघितलं. “तर तेही सांगा. या गाडीत मी एकटी बसत नाही.”

मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर मलाही गाडी चांगलीच निघायला हवी होती. हुसेनभाई शेजारी उभे राहिले, लेकीला बघायला पाहुणे आल्यावर बाप उभा राहतो तसे.

“बगा, बगा मिस्त्री. काय खोट सापडली तर खुशाल सांगा.”

इंजिनात खोट नव्हती. हँडल मारून बघितलं, तर प्रत्येक फेऱ्याला हाताला छान दाब लागत होता. त्याला आम्ही कॉम्प्रेशन म्हणतो. इंजिनाच्या छातीत दम किती उरलाय ते त्यावरून कळतं. या म्हातारीइतका दम तरण्याताठ्या गाड्यांत नव्हता. ब्रेक ठीक, स्प्रिंगचे पाटे ठीक, त्यांच्यात ग्रीससुद्धा ताजं. मी बाईंकडे बघून मान हलवली. त्यांचा चेहरा उजळला.

मग मी मागचा एक कोपरा जॅकवर उचलला आणि मागचं दार आपोआप उघडलं.

दार उघडण्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण गाडी एका कोपऱ्यावर उचलली म्हणून तिचं दार सुटता कामा नये. सुटलं, तर बॉडी वाकतेय. त्या काळी बॉडी सगळी लोखंडाची नसे. खाली लोखंडी सांगाडा, तो चॅसी. त्यावर लाकडाची चौकट आणि चौकटीवर पत्रा ठोकलेला. बाहेरून दिसतो तो पत्रा, भार घेतं ते लाकूड. मी मागच्या सीटखालची फळी काढली, आडव्या लाकडावर टोच्या ठेवला आणि नेहमीसारखा दाब दिला. टोच्या मुठीपर्यंत आत गेला. लाकूड भिजलेल्या पावासारखं झालं होतं.

दुसऱ्या बाजूला बघितलं, तिथंही तेच.

“बाई,” मी म्हणालो, “इंजिन दहा वर्षं चालेल. पण त्याच्यामागं बसणाऱ्याची खात्री मी देत नाही. एखाद्या मोठ्या खड्ड्यात हे दार सुटेल आणि सीट खाली बसेल.”

“दुरुस्ती?”

“पुण्याला नेऊन सगळी बॉडी उतरवावी लागेल. नवी चौकट, त्यावर नवा पत्रा. त्यापेक्षा दुसरी गाडी परवडेल.”

हुसेनभाईंनी माझ्या हातून टोच्या घेतला. खाली बसले आणि स्वतःच्या हातानं चार ठिकाणी टोचून बघितलं. मग उठले.

“कशानं झालं?”

“लोणावळ्याची हवा,” मी म्हणालो. “इथं पाऊस काय थोडा पडतो?”

“हवा समद्याच गाड्यांस्नी हाय, मिस्त्री. तुमच्याकडं एवढ्या गाड्या येत्यात. कुनाचं लाकूड असं झालंय?”

उत्तरही त्यांनीच दिलं.

“पान्यानं झालंय. बादल्याच्या बादल्या पानी म्याच वतलंय. सीट काडून, आत हात घालून धुतलंय. म्याच मारली गाडी.”

“कोणाच्या सांगण्यावरून?” बाई एकदम म्हणाल्या. “पेशंट उतरला की मागची बाजू फिनाईलच्या पाण्यानं धुवायची, हे कोणी सांगितलं होतं? मी.”

“तुमी धुवाया सांगितलं. फळ्या उन्हात वाळवाया पायजे हुत्या, ती अक्कल मला नगं?”

“लोणावळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, ते कुठून आणणार होतात?”

गॅरेजात मी रोज भांडणं ऐकायचो. मालक ड्रायव्हरवर ढकलायचा, ड्रायव्हर माझ्यावर. चूक माझी, चूक माझी म्हणून भांडणारी माणसं मात्र मी त्याच दिवशी बघितली.

शेवटी बाईच शांत झाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मिस्त्री, बाई सुखरूप बाळंत होते आणि मग तिला ताप चढतो, हे तुमच्या घराण्यातही झालं असेल.”

झालं होतं. माझी थोरली बहीण तशीच गेली. मी मान हलवली.

“तो ताप घाणीतून येतो. हातातून, फडक्यातून, बसायच्या जागेतून. एकीचं रक्त सांडलं, तिथंच दुसरीला निजवायचं कसं? म्हणून मी यांच्यामागं धुण्याचा लकडा लावला. मध्यरात्री आलो तरी यांनी गाडी धुतल्याशिवाय तोंडात घास घातला नाही.” मग त्या हुसेनभाईंना म्हणाल्या, “या गाडीतून आणलेली एकही बाई मी तापानं गमावली नाही. लाकूड गेलं ना? जाऊ दे.”

हुसेनभाईंनी फडकं तोंडाला लावलं. मी उगाच पाने-पकडी गोळा करायला लागलो, कारण माझेही डोळे भरून आले होते.

थोड्या वेळानं हुसेनभाई खाकरले. “मग आता या गाडीत कुन्या बाईला बसवायचं न्हाई. तुमी मुनीमजींस्नी व्हय म्हना.”

“हुसेनभाई, त्यांची एक अट…”

“ठाव हाय. त्यांच्या माळ्यानं कवाच सांगितलंय. माझं मी बगीन. टांगा कुटं पळून गेला न्हाई.”

घरी जाताना त्यांनी बाईंना पुढं, आपल्या शेजारी बसवलं.

दुसऱ्या दिवशी शेठची गाडी तपासायला मी भुशीला गेलो. हुसेनभाई हट्टानं बरोबर आले. म्हणाले, “दुसऱ्याच्या हातात जानार आसली तरी बाई बसनार हायेत तिच्यात.”

गाडीवर धुळीचा थर होता. सीटच्या फटीत चिवड्याचे दाणे. हुसेनभाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण फळ्या काढून टोच्या लावला, तर तो नखाएवढाही आत जाईना. लाकूड खणखणीत. इंजिन बरं. ब्रेकचं लायनिंग तेवढं पार झिजलेलं. शेठचा ड्रायव्हर गणपत शेजारीच होता. कोकणातला, तिशीचा, गरीब स्वभावाचा.

“लायनिंग असं कसं झालं रे?” मी विचारलं.

“घाट उतरताना इंजिन बंद करतो. पेट्रोल वाचतं.”

निदान खोटं तरी बोलला नाही. इंजिन गिअरमध्ये चालू असलं की उतारावर तेच गाडीला धरून ठेवतं. बंद केलं की सगळा भार ब्रेकवर. हुसेनभाईंनी त्याला हे चांगलं सुनावलं, वर गिअर कुठं बदलायचा तेही समजावून दिलं. आपली जागा घेणाऱ्याला माणूस असं शिकवत होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

म्हणून विषय बदलायला मी गणपतला विचारलं, “आता पावसाळ्यात बिऱ्हाड कुठं करणार?”

“कोण, मी? इथं?” तो माझ्याकडे बघत राहिला. “बायको-पोरं परळला आहेत. इथं पावसात राहून मी काय करू?”

“अरे, मग गाडीबरोबर येतोस ना?”

“शेठ म्हणाले जा, मी हो म्हटलं. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?”

“मुनीमजींना बोललास?”

“त्यांनी विचारलं नाही.”

हुसेनभाई त्या मळक्या गाडीच्या फूटबोर्डवर मटकन बसले.

मुनीमजी ओसरीवर सुपारी कातरत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “म्हणजे त्याला यायचंच नाही? शेठनी शब्द दिलाय म्हणून मी अट धरून बसलो होतो. बाईंना आवडत नाहीये, ते मला दिसत होतं हो. शेठच्या धाकट्या भावाला मुंबईतच ड्रायव्हर हवाय. गणपतला तिकडे लावून देतो.” मग जरा खजील होऊन म्हणाले, “आधी विचारायला हवं होतं.”

पावसाळ्याआधी बंद गाडी बाईंच्या दारात आली. मी लायनिंग नवं घातलं आणि मागच्या बाजूला तळाला जस्ताचा पत्रा ठोकला. त्याच्या कडा वर वळवल्या आणि पाणी जायला भोक ठेवलं. आता हुसेनभाईंनी विहीर उपसून ओतली तरी लाकडाला थेंब लागणार नव्हता. त्यांची तक्रार एकच राहिली. बंद गाडीत इंजिनाचा आवाज नीट येत नाही म्हणून ते आपल्या बाजूची काच उघडी ठेवत. सगळा पावसाळा त्यांची उजवी बाही ओली असायची.

जुन्या गाडीची बॉडी मोडीत गेली. इंजिन कामशेतच्या भाताच्या गिरणीवाल्यानं घेतलं. ते रॉकेलवर चालवायची खटपट मीच करून दिली. बाई कामशेतला कोणाच्या घरात गेल्या, की हुसेनभाई गिरणीच्या दाराशी जाऊन उभे राहत. एकदा मीही तिथं होतो. पट्टा फिरत होता, तांदूळ पडत होता, कोंडा उडत होता. हुसेनभाई डोळे मिटून ऐकत होते. मग गिरणीवाल्याला म्हणाले, “मालक, तेल बदला. आवाज जड येतुया.” गिरणीवाल्यानं तेल काढलं. काळं झालं होतं.

तेव्हापासून गाडी तपासायची माझी रीत बदलली. गाडी फार चकचकीत दिसली, की मी बॉनेट मागाहून उघडतो. आधी तळाची फळी काढतो, आणि गाडी कोण धुतं, कशासाठी धुतं ते विचारतो. बहुतेक जण शोभेसाठी धुतात. कुजलेलं लाकूड बघून बरं वाटावं, असं उत्तर मला त्या एका गाडीच्या बाबतीतच मिळालं.