सुलभाताई आणि काठापलीकडचे पक्षी

सुलभाताईंनी पक्ष्यांचा खण उघडला की त्या आधी माद्या बाहेर काढत. स्टुटगार्टच्या एका संग्रहालयात, कापूस भरून जपलेल्या जुन्या पक्ष्यांची निगा राखत त्यांची तीस वर्षं गेली होती. मी लग्न करून पुण्याहून आलेली. हातात बायोटेक्नॉलॉजीची पदवी आणि नोकरीच्या नकारांची पत्रं. त्यांनीच मला तिथल्या प्रयोगशाळेत प्राक्टिकुम, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, मिळवून दिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी अँटबर्ड दाखवले. ॲमेझॉनच्या जंगलात मुंग्यांच्या फौजेमागे फिरून, तिला भिऊन पळणारे किडे टिपणारे हे चिमुकले पक्षी. "नर सगळे सारखेच राखाडी, त्यांच्यावर जाऊ नकोस. माद्या बघ." नदीच्या एका काठावरच्या माद्यांचं पोट तांबूस होतं, दुसऱ्या काठावरच्यांचं फिकट. "हे पक्षी झाडांची सावली सोडत नाहीत गं, नदी कुठली ओलांडणार? ही दोन घराणी आहेत."

पूर्वीच्या विभागप्रमुखांनी हे हसण्यावारी नेलं होतं. शास्त्रज्ञ ते, ताई नुसत्या पक्ष्यांत कापूस भरणाऱ्या. "मी वाद नाही घातला. वहीत लिहून ठेवलं," ताई म्हणाल्या.

नव्या विभागप्रमुख बाईंनी मात्र पक्ष्यांच्या पायांचे बारीक तुकडे डीएनएसाठी तपासायला परवानगी दिली. पहिली खेप माझ्या चुकीने वाया गेली. नमुन्यांत माझाच डीएनए मिसळला. मी रडवेली झाले. ताईंनी चहा पुढे केला. "आल्झो, चला तर, पुन्हा करायचं. शंभर वर्षं थांबलेत ते, आणखी महिनाभर थांबतील."

दुसऱ्या खेपेला निकाल आला. दोन्ही काठांची घराणी खरोखरच फार पूर्वी वेगळी झालेली होती. पण तिसऱ्या खणातल्या तांबूस माद्या, ज्यांना ताई पहिल्या तांबूस घराण्यातल्याच समजत होत्या, त्याही वेगळ्या निघाल्या. हे सांगताना मी चाचरले. ताईंनी कागद दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे पिसांनी मला अर्धंच सांगितलं होतं. बरं झालं, मी असताना कळलं."

त्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या, आणि माझं प्राक्टिकुम संपून नोकरी सुरू झाली. शेवटच्या दुपारी त्यांनी मला पक्ष्यांच्या पायांना बांधायच्या नव्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं. मी जुन्या सोडवायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"जुनी काढायची नाही. तिच्याशेजारी आपली बांधायची. आणि दोऱ्यावर आणखी एका चिठ्ठीला जागा ठेव, उद्या कुणाला आपलीही चूक सापडेल."

मी लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि दोरा थोडा लांब ठेवला.