जवळ्यावर गेलेला धूर

परवा गॅरेजमध्ये मेकॅनिकने इंजिनातला कार्बन काढायचा स्प्रे मारला आणि त्या उग्र वासासरशी मला विचुंब्यातलं आमचं भाड्याचं घर आठवलं. नवी वस्ती तेव्हा नुकती उभी राहत होती. आमच्या कुंपणापलीकडे एक कोळीण राहायची आणि अंगणात ताडपत्री पसरून विकायचा जवळा वाळवायची. वडिलांना निवृत्तीनंतर आमची जुनी गाडी स्वतःच दुरुस्त करायचा नाद लागला होता. एका दुपारी त्यांनी चालू इंजिनात असाच स्प्रे मारला, तसा सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि थेट त्या जवळ्यावर गेला. वडील धावतच तिच्याकडे गेले. ती हसून म्हणाली, "काय नाय झाला काका, वाऱ्यावर जाल वास." तरी त्या रात्री वडिलांना जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. ती परसात खड्डा खणून सगळा जवळा त्यात ओतत होती. आम्ही दोघं गेलो. "काल का नाही सांगितलंस गं?" वडिलांनी कसंबसं विचारलं. "तुमचा तोंड बगवला नाय," ती म्हणाली, "पन दुसऱ्याच्या पोराबालांना हा कसा खायला घालू?" वडिलांनी तिच्या हातातलं फावडं घेतलं आणि खड्डा बुजवला. पुढे त्या घरात असेपर्यंत ते गाडी रस्त्यापर्यंत ढकलत नेत आणि मगच सुरू करत. मागून ढकलताना मी दर वेळी कुरकुरायचो. आता माझेच गुडघे दुखायला लागल्यावर कळतं, त्या वयात ती गाडी त्यांना किती जड जात असेल.