न दुखणारी बोटं

ऐंशी-ब्याऐंशी सालाकडची गोष्ट. लग्न होऊन मी रत्नागिरीत आले तेव्हा सासरच्या पडवीत एक गिटार अर्धवट होऊन पडली होती. अर्धवट म्हणजे नुसती कड. फणसाच्या लाकडाच्या दोन वाकवलेल्या पट्ट्या, त्यांना सायकलच्या ट्यूबच्या फिती आवळून बांधलेल्या, मध्ये सगळं पोकळ. कुणाचा तरी मोडलेला पाय बांधून ठेवावा तसं ते दिसत होतं. मुलगा आरोग्य खात्यात कारकून आहे, वडील नाहीत, घर स्वतःचं आहे, सुपारीसुद्धा खात नाही, एवढं बैठकीत सांगितलं होतं. गिटारी बनवतो हे सांगायचं बहुतेक लाजेनं राहून गेलं असावं.

ह्यांना वाजवता येत नव्हतं. आजही येत नाही. एका ख्रिस्ती मास्तरांची गिटार थोडे दिवस मागून आणून ह्यांनी तिची मापं उतरवून घेतली, पोटात छोटा आरसा आणि बॅटरी घालून आतल्या पट्ट्या कशा चिकटवल्यात ते पाहिलं, आणि हे आपल्याला जमेल असं ठरवून टाकलं. फणस घरचाच होता. पुढच्या फळीला मात्र फणस चालेना, आवाज बसका येई. ती फळी मिरकरवाड्याच्या बंदरावरून आली. तिथे कुणाच्या तरी ट्रॉलरचं नवं इंजिन देवदारी खोक्यातून आलं होतं, त्या खोक्याची फळी ह्यांनी रंधा मारून मारून पातळ केली. बोटानं टकटक केलं की ती खणखणीत बोलायची, आणि हे दिवसातून दहादा टकटक करायचे.

कागद फुकटचे होते. ऑफिसात उरलेली मोठाली भित्तिपत्रकं हे घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर गिटारीचे नकाशे काढत. पडवीत ते दोरीला टांगलेले असायचे. वारा आला की नकाशा उलटायचा आणि मागचं चित्र समोर यायचं. एक उघडा हात, त्यावर चट्टा, आणि खाली ठळक अक्षरांत कुष्ठरोगाची लक्षणं. चट्टा खाजत नाही, दुखत नाही. बोटांना गरम-गार कळत नाही, टोचलेलं कळत नाही. केर काढताना मी ते रोज वाचत असे, कारण घरात दुसरं वाचण्यासारखं काही नव्हतं.

मी घाटावरची, कोल्हापूरकडची. आमच्याकडे माणूस रागावला की गल्लीला कळतं. भांडी आपटतात, तोंड सुटतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं निवलेलं असतं. या घरात राग आला की माणसं गप्प होत. एकदा हे कडेला आतून लावायची पट्टी वाकवत होते. लोखंडी नळीत पेटते कोळसे भरून ती तापवायची आणि ओली पट्टी तिच्यावर हळूहळू दाबत न्यायची, असं ते काम. मी पाणी शिंपडायला शेजारी उभी होते. पट्टी कंबरेच्या वळणापर्यंत छान आली आणि काडकन तुटली. ह्यांनी दोन्ही तुकडे खाली ठेवले, हात धुतले आणि न जेवता आडवे झाले. एक शब्द नाही. पाणी जास्त झालं की कमी पडलं, चूक माझी की लाकडाची, काही कळेना. त्या दिवसापासून मला ह्यांची भीती बसली. हे हात उगारणारे नव्हते, आवाज चढवणारेही नव्हते, आणि म्हणूनच पुढे काय होईल याचा अंदाज लागत नसे.

खरं तर भीती मी माहेराहूनच बरोबर आणली होती. माझ्या एका आत्याला लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासरच्यांनी परत पाठवलं होतं. पाठीवर पांढरा डाग निघाला. "आम्हाला फसवलंत," म्हणाले आणि तिला दारात आणून सोडली. ती पुढे आमच्याच घरी राहिली, मागच्या खोलीत, धान्य निवडत. मला न्हाऊ घालताना ती माझी पाठ फार वेळ निरखायची. माझं लग्न ठरलं तेव्हाही तिनं मला आत नेऊन, दार लावून, सगळी तपासली होती.

दसऱ्याच्या सुमाराला गिटार पुरी झाली. इकडच्या दमट हवेत लाकडाला कीड फार लवकर लागते, खोक्याच्या लाकडाला तर आमंत्रणच. म्हणून ह्यांनी मिरकरवाड्यातून डबाभर काळपट तेल आणलं, बोटींना बाहेरून चोपडतात ते, आणि गिटारीच्या अंगाला, दांड्याला, सगळीकडे चोळून मुरवलं. वरून पॉलिशचे हात दिले. काकवीच्या रंगाची तुकतुकीत गिटार झाली. तारा मुंबईहून आल्या होत्या. त्या चढवताना खुंटी पिळली की आतून कर्र असा आवाज येई, आणि मी दाराआड जाऊन उभी राही. पण काही तुटलं नाही. ह्यांनी गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आता तू वाजव."

शाळेत मी थोडी पेटी शिकले होते, तेवढ्यावर ह्यांनी मला वादक करून टाकलं. रोज संध्याकाळी हे ऑफिसातून आले की मी ओटीवर गिटार कवटाळून बसायचं, चाचपडत एकेक सूर शोधायचा, आणि ह्यांनी समोर डोळे मिटून ऐकायचं. तारा दांड्यापासून नको तेवढ्या उंच राहिल्या होत्या. दाबताना त्या बोटांत रुतायच्या. पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "बोटं दुखतात का गं?"

"छे, अजिबात नाही," मी म्हटलं. ती तुटलेली पट्टी मला आठवत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत उजव्या हाताला, मनगट आणि कोपराच्या मध्ये आतल्या बाजूनं, खाज सुटली. मग आग व्हायला लागली, बारीक पाण्याचे फोड आले, आणि ते सुकले तशी तिथली कातडी काळी आणि जाड पडली. डाव्या अंगठ्याच्या बुडाशीही तसंच. मी लांब बाह्यांची पोलकी घालायला लागले. सासूबाईंना मी आई म्हणत असे. त्यांनी एकदा विचारलंच, "उकडत नाय काय गो तुला?" आमच्याकडे अशीच पद्धत आहे, असं मी ठोकून दिलं. ऑक्टोबरची ती उन्हं, अंगाला घामाच्या धारा, आणि मी आपली मनगटापर्यंत झाकलेली.

भित्तिपत्रकातला चट्टा खाजत नाही आणि माझा खाजतो, एवढ्या आधारावर मी काही दिवस काढले. मग खाज थांबली. थांबली तेव्हा मी जास्त घाबरले. एका दुपारी आई शेजारी गेल्या होत्या, तेवढ्यात सुई घेऊन न्हाणीघरात शिरले आणि चट्ट्यावर टोचून पाहिलं. टोचल्यासारखं वाटलं. मग वाटलं, टोचावं अशी इच्छा आहे म्हणून टोचल्यासारखं वाटलं असेल. डोळे मिटून पुन्हा टोचलं. त्या जाड कातडीत सुईचं टोक शिरलं तरी काही कळलं नाही. मी तिथेच ओल्या जमिनीवर बसले. आत्याची मागची खोली, तिची पत्र्याची ट्रंक, तिच्या अंथरुणाची वळकटी, सगळं डोळ्यांपुढे येत राहिलं. आता त्या खोलीत दुसरी ट्रंक लागणार, असं मला अगदी स्वच्छ दिसलं.

सगळ्यात वाईट ते भाकरीचं. तांदळाचं पीठ मळायचं माझ्या हातांनी, आणि ती भाकरी जाणार या दोघांच्या ताटात. सांगावं तर घराबाहेर, न सांगावं तर दोघांना रोग लावल्याचं पाप. मी पीठ मळण्याआधी सोसवेल तेवढ्या कढत पाण्यानं हात धुवायला लागले. आई चवीनं भाकरी खायच्या आणि त्यांचा एकेक घास माझ्या छातीवर बसायचा.

याच दिवसांत हे बदलले. संध्याकाळी गिटार ऐकताना डोळे मिटेनासे झाले. माझ्या हातांकडे बघत बसायचे. बोटं दुखतात का, हे रोज विचारायचे, पण आता ते सहज नव्हतं, रोखून असायचं. मी हसून नाही म्हटलं की ह्यांचा चेहरा उतरायचा. कधी माझी बोटं धरून टोकांवर पडलेले तारांचे वळ बघायचे आणि पुन्हा विचारायचे. मी पुन्हा नाही म्हणायचे, अधिक गोड हसून.

एका संध्याकाळी तर ह्यांनी स्वतः चहा केला. स्टीलचा पेला काठोकाठ भरून, फडक्यात धरून आणला आणि माझ्या हातात दिला. पेला असा तापला होता की हातात धरवेना. पण नवऱ्यानं पहिल्यांदा केलेला चहा खाली कसा ठेवायचा? मी दोन्ही हातांत धरून बसले आणि म्हटलं, "छान झालाय." बोटं भाजून निघत होती. हे माझ्याकडे बघत होते आणि ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला वाटलं, संपलं. ह्यांना कळलंय. माझ्या हातचं नको म्हणून आता स्वतः करायला लागलेत.

त्यानंतरच्या एका सकाळी उठले तर उजवा डोळा उघडेना. पापणी सुजून गालावर आली होती. पदर पुढे ओढून मी चुलीपाशी जाऊन बसले, पण आईंच्या नजरेतून काय सुटणार.

"हात दाखव बघू," त्या म्हणाल्या. डोळा सुजलेला असताना त्यांनी हात का मागितला, याचाही विचार मला सुचला नाही. मी हात मागे घेतला. त्यांनी तो ओढून बाही कोपरापर्यंत सारली.

मी जमिनीकडे बघत म्हटलं, "आई, माझ्या वडलांना माहीत नव्हतं हो. त्यांनी फसवलेलं नाही. मला परत पाठवा, पण त्यांना काही बोलू नका."

त्या ऐकतच नव्हत्या. हात उजेडाकडे फिरवून पाहत होत्या. मग दाराकडे वळल्या. दारात हे उभे होते, अर्ध्या गालाला दाढीचा साबण.

"काय रे, त्या गिटारीला काय फासलंस तू?"

"तेल. बोटीला लावतात ते."

"म्हंजे काजूच्या सालींचा. नि ही घाटावरची, हिनं कधी काजूची बी तरी फोडलीय काय? डीक उतलाय हिला. पोरीच्या हाताची वाट लावलीस नि बघत ऱ्हायलास."

डीक म्हणजे काजूच्या टरफलातला चीक. इथल्या लहान पोरांनाही तो ठाऊक असतो. हंगामात काजू भाजताना, सोलताना असे डाग ज्याच्यात्याच्या हातावर उठतात आणि जातात, कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. मी आले तेव्हा हंगाम संपला होता. ह्यांचे हात लहानपणापासून त्यात मुरलेले, तेल चोळताना ह्यांना काहीच झालं नव्हतं. पॉलिशखाली ते नीट वाळलंच नव्हतं, आणि माझ्या घामानं रोज थोडंथोडं वर येत होतं. तोच हात डोळ्याला लागला होता.

हे उंबऱ्यावरच बसले. "खरं सांग," म्हणाले. "बोटं दुखतात का?"

"मरणाची दुखतात," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

"आणि तो पेला?"

मी दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे फोड अजून होते. ह्यांनी ते एकेक करून पाहिले, आणि आईंच्या देखत रडायला लागले. आईंना काही उलगडा होईना. मला मात्र सगळं एकदम कळलं. वाजवताना बाही वर सरकली तेव्हा ह्यांनी चट्टा पाहिला होता. ऑफिसात वर्षानुवर्षं तीच लक्षणं कागदांवर उतरवलेली. रोज संध्याकाळी हे गिटार ऐकत नव्हते, मला तपासत होते, आणि मी शहाण्यासारखी नाही नाही म्हणून ह्यांना खड्ड्यात ढकलत होते.

आईंनी कोकमाच्या तेलाची ढेप वितळवून हाताला चोपडली, डोळ्यावर ओलं फडकं ठेवलं आणि ह्यांना दिवसभर शिव्या घातल्या. तेवढ्या शिव्या ऐकून मला फार दिवसांनी माहेरी असल्यासारखं वाटलं.

सूज उतरल्यावर एका दुपारी हे काचेच्या तुकड्यानं गिटारीचं पॉलिश खरवडत बसले होते. तिचं अंग पुन्हा कोरं करून नुसता मेणाचा हात द्यायचा होता. मी लांब बसून बघत होते. म्हटलं, "आणि खरंच तोच रोग निघाला असता तर?"

ह्यांनी खरवडणं थांबवलं नाही. "आईला मी काही सांगितलं नव्हतं," म्हणाले.

"ते नाही विचारलं."

ह्यांनी काचेला लागलेला भुगा फडक्याला पुसला. मग म्हणाले, "ठरत नव्हतं. औषध आहे हे माहीत होतं मला. पण औषध घ्यायला गेलं की गावाला कळतं. कधी वाटायचं, तुला घेऊन मुंबईला जावं, तिथे कोण ओळखतंय. आणि कधी वाटायचं, तुझ्या वडलांना बोलावून घ्यावं."

वडलांना बोलावणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही समजत होतं. म्हणजे माझी भीती खुळी नव्हती. न्हाणीघरात बसून मी जे पाहिलं होतं, ते या माणसाच्या मनात खरोखरच अर्धं तयार होतं. ह्यांनी खोटं बोलायला हवं होतं का, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्या दुपारी मी एवढंच म्हटलं, की तारा खाली घ्या, मला सोसत नाहीत. ह्यांनी लगेच पटाशी घेऊन, तारा टेकतात ती हाडाची चीप तासून बुटकी केली.

माणूस चांगला निघाला. ह्यांनी पुढे आणखी गिटारी केल्या, आणि पहिला सूर प्रत्येकीवर मीच काढला. बोटं दुखली की मी आता मोठ्यानं सांगते, ते ह्यांना ऐकावंच लागतं. पण अंगावर कुठे साधा डाग जरी उठला, तरी आजही माझा हात आधी पदराकडे जातो. झाकून होतं, आणि मग मी ह्यांना हाक मारते.