मातीसाठी घुसळलेलं ताक

मी ताक घुसळत होते आणि हे मोरीत उभे राहून बनियन पिळत होते. घामाने भिजलेलं.

गंगेकडून वारा येत होता. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. चांगलं गार होतं. मी पदर कानावरून घेतला होता.

तरी मला काही वाटलं नाही. पहिलवानाच्या घरात घामाला कोणी घाबरत नाही.

त्या सकाळला आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. माझे मिस्टर कॉलेजच्या कुस्ती संघाचे कोच होते. पोरं त्यांना वस्ताद म्हणायची. आदल्या सीझनला संघ विद्यापीठात पहिला आला होता, आणि त्या दिवशी नव्या सीझनची पहिली मॅच होती. घरच्याच मॅटवर.

कॉलेजच्या गेटवर मोठा फ्लेक्स लागला होता. "नंबर वन". ह्यांना तो आवडला नव्हता.

"पहिल्या नंबरचा माणूस लांबून दिसतो," म्हणाले. "आपल्याला जो दिसत नाही, त्यालाही दिसतो."

"सकाळी सकाळी काहीतरी बोलू नका," मी म्हटलं.

मॅच मॅटवर असली तरी ह्यांचा एक नियम होता. सीझनच्या पहिल्या सकाळी आखाड्यातली लाल माती खणायची. त्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून कालवायची. मगच पोरांनी मॅटवर जायचं.

ताक आमच्या घरचं.

"आंबट आहे ना? मागच्या वेळी मातीने तोंड वाकडं केलं होतं."

"मातीला चव कळते. तुम्हाला भाजीत मीठ नसलं तरी कळत नाही."

हसले. हसता हसता डावा खांदा धरला.

तेवढ्यात संघाचा कॅप्टन समाधान बाईकवरून आला. देवळ्याकडचा पोरगा. निम्म्या वेळा आमच्याकडेच जेवायचा. ह्यांनी त्याला खांदा दाबायला आपल्या पाठीमागे बसवलं.

"काल डाव दाखवताना लचकला बघ खांदा. दाब जरा."

समाधानने तेल लावलं आणि दाबायला लागला.

"वस्ताद, गाठ लय खोल हाय. सापडत नाय."

"जोर लाव की! काकूने भाकरी नाही दिली का काल?"

"दिल्या की. चार."

"मग गेल्या कुठे त्या?"

पोराचे हात दुखून आले. गाठ सापडली नाही.

चहा अर्धाच प्यायले. म्हणाले, दाढ ठणकतेय.

"डॉक्टरकडे जाऊन या," मी म्हटलं.

"आज पोरांची पहिली कुस्ती आहे. उद्या."

"उद्या नक्की?"

"नक्की. तूच घेऊन चल."

दोघं गेले. मी बनियन भिजत घालायला उचललं. बर्फासारखं गार लागलं.

गडबडीत ताकाचा डबा ओट्यावरच राहिला. थोड्या वेळाने समाधानचा फोन आला, काकू, डबा राहिला, कोणाला तरी पाठवतो. मागून ह्यांचा आवाज ऐकू आला.

"विसरलास ना? ताकाशिवाय माती कोरडीच की रे!"

तो शेवटचा आवाज.

पुढचं मी पाहिलं नाही. समाधानने सांगितलं.

ह्यांनी फावडं घेतलं, थोडी माती खणली. फावडं बाजूला ठेवलं आणि मातीतच पालथे पडले.

पोरांना त्यात नवल वाटलं नाही. मेहनत झाली की पहिलवान मातीत पडतो, आणि दुसरा त्याच्या पाठीवर माती टाकतो. घाम जिरतो, अंग थंड होतं. आखाड्यात रोजचंच.

समाधानने ओंजळीने ह्यांच्या पाठीवर माती टाकली. एक पोरगा म्हणाला, "आज मॅचआधीच वस्ताद आऊट!" सगळे हसले.

मग समाधानच्या लक्षात आलं.

पाठीवरची माती हलत नव्हती.

हॉस्पिटलमध्ये म्हणाले, हार्ट. मॅच रद्द झाली.

दुपारभर घरात फोन चालले होते. "मातीला या." "माती किती वाजता?" आमच्याकडे अंत्यविधीला मातीच म्हणतात. तो शब्द कानावर आला की समाधान भिंतीकडे तोंड फिरवायचा.

संध्याकाळी गंगेवरून सगळे परत आले. तो माझ्यासमोर येऊन बसला.

"काकू, माती मी आधीच टाकली. वस्तादांचा जीव असंल तवाच."

"गप रे."

"मी आता आखाड्यात पाय ठेवणार नाय. उद्या गावाला चाललो."

मागे बाकीची पोरं बसली होती. त्यांनीही माना हलवल्या. तू नाही तर आम्ही पण नाही. नंबर वन संघ आमच्या अंगणात मान खाली घालून बसला होता, आणि मला दिसत होतं की ह्यांची सगळी मेहनत सकाळच्या एसटीने निघून जाणार.

माझी शाळा सातवीपर्यंत. पण वाचायची सवय आहे, हाताला लागेल ते वाचते. नंतर वाचनालयातून हृदयावरचं पुस्तक आणलं. डावा खांदा, जबडा, गार घाम. सगळं एका पानावर होतं. सोप्या मराठीत.

हे मी कोणाला बोल लावायला लिहीत नाही. आम्हाला सगळ्यांनाच तो घाम ओळखीचा वाटला. ह्यांनाही.

आज नवा सीझन सुरू होतोय. गेटवर पुन्हा फ्लेक्स आहे. कोपऱ्यात ह्यांचा फोटो आहे.

पोरांनो, घाम दिसला तर हात लावून बघा. गार लागला तर "उद्या" म्हणू नका.

अहो, तुमच्या पोरांवर लक्ष असू द्या. रामराम, वस्ताद.

गेल्या वर्षी, ह्यांची माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या बायका म्हणाल्या, सुतक आहे, तू बाहेर पडायचं नाही. मी ओट्यावरचा डबा उचलला, गावाला निघालेल्या समाधानला बरोबर घेतलं आणि आखाड्यात जाऊन ते ताक मातीत ओतलं.