मामांची देवनळाची जुडी

मामीचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढत होतो. तास चालू असताना मी फोन उचलत नाही, पण मामी शाळेच्या वेळात कधी फोन करत नसे, म्हणून उचलला. ती रडत नव्हती. “ये,” एवढंच म्हणाली. आणि मग, “सावकाश ये. आता घाई न्हाई.” मी तसाच निघालो. गेवराईला उतरून तलवाड्याची गाडी शोधताना लक्षात आलं की मुठीत अजून खडू आहे... माझे मामा, मारुतीमामा, गेले त्याला आता दीड महिना झाला. गावाने दोन दिवस हळहळ केली, त्यांच्या पेन्शनीची चौकशी केली आणि मग कापूस वेचायला गेलं. गावाचं काही चुकलं असं नाही. मामा काय वाजवायचे हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

मामा ओबो वाजवायचे. आता ओबो म्हणजे काय हे सांगणं आलं. आयुष्यभर ते मामांना सांगावं लागलं, आता माझी पाळी. सनईच्या भावकीतलं वाद्य, पण विलायती. काळं लाकूड, अंगभर चांदीसारख्या चाव्या, आणि तोंडाशी एक बारीक पत्ती. नळाच्या, म्हणजे बांबूसारख्या पोकळ गवताच्या, काडीची दोन पाती कागदाइतकी पातळ तासायची, एकमेकांवर ठेवून दोऱ्याने बांधायची आणि त्यांच्या फटीतून फुंकायचं. सगळा खेळ त्या पत्तीचा. ती चार-सहा आठवड्यांत मरते, मग नवी करायची. गावात कुणी त्याला इंग्रजी सनई म्हणायचं, कुणी पिपाणी. पिपाणी म्हणणाऱ्याशी मामा दोन दिवस बोलत नसत.

घर मेंढरांचं. मामा फौजेत गेले ते बंदूक चालवायला, पण बराकीत पावा वाजवत बसले असताना कुणा उस्तादाने ऐकलं आणि उचलून बँडात टाकलं. पहिल्या दिवशी ओबो फुंकला तर त्यातून हुबेहूब कोकरू ओरडल्यासारखा आवाज निघाला. “समदे हसले बे,” मामा सांगायचे. “मला रडू आलं. आईपासून चुकलेलं कोकरू असंच वरडतंय. मी म्हनलं, ह्यो बाजा आपलाच हाय.” मग बावीस वर्षं त्यांनी तेच वाद्य वाजवलं. कार्यक्रमाआधी सगळा बँड ज्या सुरावर आपापली वाद्यं जुळवतो तो सूर मामा द्यायचे, ह्याचा त्यांना फार अभिमान. साठ माणसं गप्प उभी, आणि मेंढरांमागून आलेला हा गडी एकटा सूर धरून. “मी चुकलो की समदे चुकले,” असं म्हणताना ते खुर्चीत ताठ व्हायचे. शेवटची काही वर्षं नव्या पोरांना शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यातला एकजण पुढे मोठ्या शहरात नाव काढून राहिला. तो गुरुदक्षिणा म्हणून दर वर्षी ओबोच्या पत्त्यांची एक डबी टपालाने पाठवायचा.

निवृत्त होऊन मामा तलवाड्याला आले तेव्हा मी दहा वर्षांचा. आम्ही उमापूरला राहायचो, सुट्टी लागली की मी मामांकडे. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाडही माझे आणि मारही मला. फौजेचा ओबो फौजेतच जमा करावा लागला होता. मामांनी एक जुना, एक चावी सैल असलेला विकत आणला. एका लगीनसराईत ते गावच्या बँड पार्टीत गेलेही होते. वरात निघायच्या आधी त्यांनी रिवाजाप्रमाणे सूर धरला आणि बाकीच्यांनी जुळवून घ्यावं म्हणून वाट बघत उभे राहिले. ट्रंपेटवाला म्हणाला, “मामा, सुरू करा की, नवरदेव घोड्यावर बसलाय!” मग एवढा गदारोळ उठला की त्यात ओबो कुठे गेला ते मामांनाही ऐकू येईना. घरी येऊन त्यांनी ओबो पुसला, पेटीत ठेवला आणि मामीला म्हणाले, “सूर न लावता कसं वाजिवत्यात गं?” पुन्हा ते वरातीला गेले नाहीत. पुढे गेवराईच्या एका शाळेत झेंडावंदनाच्या बँडाला ढोल-बिगुल शिकवायचे. ओबो शिकायला आयुष्यात एकच जण मिळाला, तो मी. तोही खाऊच्या लालचीने.

सकाळी मामा दाढी करायला बसले की मामी खिडकीत पितळेची छोटी वाटी पाण्याने भरून ठेवायची. पत्ती आधी भिजवावी लागते. दाढी होईस्तोवर ती भिजायची, मग शिकवणी. “पत्ती चावू नको. शेरडू हायस का? ओठावर ठिव.” मी फुंकायचो, कोकरू ओरडायचं, अंगणातली खरी शेरडं उत्तर द्यायची आणि मामी चुलीपुढे तोंडाला पदर लावून हसायची. ओबोचं एक विचित्र आहे. इतर वाद्यांत दम कमी पडतो, ह्यात उरतो. फट इतकी बारीक की आत भरलेली हवा बाहेरच जात नाही, साचून राहते, आणि माणूस भरल्या छातीने गुदमरतो. म्हणून मामांचा पहिला आणि शेवटचा धडा एकच, “आधी सोड, मग घे.” मला तो कधीच जमला नाही. पाच वर्षांत चार धुना बऱ्या येऊ लागल्या आणि दहावीचं वर्ष आलं. मी, जगातलं सगळं कळल्याच्या थाटात, विचारलं, “मामा, ह्याचा उपयोग काय?” मला वाटलं रागावतील. ते वाटीतलं पाणी बघत म्हणाले, “उपेग न्हाई. खरंय तुजं.” मी वाद घालायच्या तयारीने गेलो होतो, वाद झालाच नाही. मी पुन्हा पत्ती तोंडाला लावली नाही, आणि त्यांनीही कधी “कावून सोडलंस?” म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चार वर्षांपूर्वी तो डबी पाठवणारा शिष्य परदेशी गेला आणि डबी यायची बंद झाली. मामा जुन्याच पत्त्या तासून तासून वाजवत राहिले. मग एका रविवारी त्यांचा फोन आला. आवाज पोरासारखा झालेला. म्हणाले, गोदावरीच्या काठाला देवनळाचं बेट आहे, लहानपणी त्याच्याच नळीचा पावा करायचो आम्ही, आणि आत्ता ध्यानात आलं, फौजेत परदेशातून पत्तीची काडी यायची ती हीच! “हीच ती काडी बे! जल्मभर समुद्रापल्याडून मागवली, आन् घराम्होरं उगवती!” हे सगळं मला आज शब्दन् शब्द आठवतं. त्या दिवशी मात्र मी सहामाहीचे पेपर तपासत होतो, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, आणि दर उत्तराला अर्धा अर्धा गुण देता देता “हो मामा... हो... वा” करत होतो. पुढेही प्रत्येक रविवारी ते सांगत राहिले. काडी कापली. जुडी बांधली. पत्र्याखाली टांगली. ओल्या काडीची पत्ती टिकत नाही, तीन उन्हाळे वाळवावी लागते. एक उन्हाळा झाला. दुसरा झाला. “यंदाच्या दसऱ्याला पयली पत्ती बांधनार. तू ये. तुज्याच हातानं वाजिव.” हो मामा, म्हणालो.

दसऱ्याच्या महिनाभर आधी मामांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली, तोंड एका बाजूला ओघळलं. जो ओठ पत्तीवर केसभर हलला तरी त्यांना कळायचं, त्या ओठातून आता पाणी गळत होतं... बीडला दवाखान्यात पंधरा दिवस ठेवून डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सेवा करा. मी कामाचा माणूस. मी पुढे होऊन सगळी तयारी केली. पाठ उचलता येते तशी कॉट भाड्याने आणली, खोली झाडून काढली. सलाईनची बाटली अडकवायला पत्र्याखालचा आडवा बांबू सोयीचा होता, पण तिथे कसलीशी काटक्यांची जुडी लोंबत होती, धुळीने माखलेली. मी ती काढली. मामी म्हणाली, “ही कुठं ठिवू रं?” मी म्हणालो, “वाळकी हाय की. बंबात घाल.”

माझ्याच तोंडचं वाक्य आहे हे. मीच म्हणालो, आणि म्हणताना मला काहीही आठवलं नाही.

तीन सकाळी मामांच्या आंघोळीचं पाणी त्या काडीवर तापलं. फार छान जळायची, पटकन. मामी कौतुकही करायची. पहिल्या दिवशी मामांना कॉटवर बसवून अंग पुसायला घेतलं तर ते डाव्या हाताने बादलीवर मारायला लागले. घशातून आवाज काढत होते, बंबाकडे हात करत होते. मामी घाबरली. “चटका बसतूय का ओ?” म्हणून तिने गार पाणी ओतलं. ते आणखीच मारायला लागले. आम्ही आणखी गार पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी ते शांत बसून राहिले, आणि आम्हाला वाटलं, चला, आता पाणी बेताचं झालं.

त्यानंतर ते सारखे वर बघत. मला कळलं ते दिवाळीच्या सुट्टीत. खिडकीतल्या वाटीत पाणी होतं. मामी सवयीने रोज भरतच होती. मामांनी डाव्या हाताने वाटीकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग ओबोच्या पेटीकडे. मी ओबो काढला. डबीत एकच पत्ती उरली होती, टोकाशी चिरलेली. भिजवली, लावली, फुंकली. नुसती हवा. पुन्हा फुंकली. कोकरूसुद्धा ओरडलं नाही. साठ माणसांना सूर देणारा माणूस कॉटवर कान देऊन बसला होता, एक सूर मागत होता, आणि तो देण्याइतकी पत्ती घरात नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर बांबूकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. आणि तेव्हा मला ते सगळे रविवार एकदम ऐकू आले. मी त्यांचा हात धरला. म्हणालो, “मामा, मी जाळली. मीच सांगितलं जाळायला.” त्यांनी डावा हात सोडवून घेतला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मला तर शिवी हवी होती. शिवी द्यायला त्यांच्याकडे वाचा नव्हती, आणि असती तरी दिली असती का, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी नदीवर जाऊन ओली काडी कापून आणली. उन्हात ठेवली, तव्यावर शेकली, मोबाइलवर बघून तासली. गणिताचा मास्तर मी, तीन उन्हाळे दोन दिवसांत बसवायला निघालो होतो. एकही पत्ती बोलली नाही. मामा बघत होते. प्रत्येक वेळी मान अगदी थोडी हलवत, नाही. मग सुट्टी संपली. मग मामीचा फोन.

तेराव्यानंतर मी पुन्हा नदीवर गेलो. नीट बघून, जाडसर देवनळ निवडून जुडी बांधली आणि त्याच बांबूला टांगली. मामी दारात उभी होती. “हे काय आनिक?” तिने विचारलं. जुडी कशाची हे मामा तिला कधी बोलले नव्हते; वाद्याचं सगळं ते माझ्याशीच बोलायचे. मला वाटलं होतं तिला कधीच सांगू नये. जाळलं तिच्या हाताने होतं. पण साचलेलं बाहेर पडल्याशिवाय श्वास घेता येईना. रविवारच्या फोनपासून बंबापर्यंत सगळं सांगितलं. मामी उंबऱ्यावर बसली. म्हणाली, “म्हनून वर बघायचे व्हय... मला वाटलं पाल हाय. रोज खराटा घेऊन हाकलायचे रं मी. नसलेली पाल.”

ती रडली नाही, मी रडलो. तिनेच मला पाणी दिलं. म्हणाली, “किती वाळावी लागतीया?” मी म्हणालो, तीन उन्हाळे. “आन् वाजिवनार कोन?” मी म्हणालो, मी. हे खरं की खोटं मला अजून माहीत नाही. तीस वर्षांत माझे ओठ सगळं विसरलेत, आणि मामीने सत्तरी ओलांडली आहे.

सकाळी पहिल्या गाडीला निघायचं होतं. मी चपला घालत होतो तेव्हा मामी खिडकीशी होती. कालचं पाणी तिने तुळशीला ओतलं, वाटी पदराने पुसली, ताजं पाणी भरलं आणि होती त्याच जागी ठेवली. मी म्हणालो, “मामी, अजून तीन वर्षं हायत.”

“मंग तवर वाटी कोरडी ठिवू का?” ती म्हणाली, आणि आत गेली. मी वर पाहिलं. जुडी अजून हिरवी होती.