सिस्टरांच्या बंगल्यातलं आमचं देवघर

सिंदेवाहीजवळच्या आमच्या सरकारी बंगल्याचा बराचसा इतिहास मीच तयार केला. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. जंगलखात्यात ह्यांची तिकडे बदली झाली आणि राहायला मिळाला तो ख्रिस्ती सिस्टरांचा जुना मठ. त्या निघून गेल्यावर सरकारने तिथे साहेबांचा बंगला केला होता.

मागच्या अंगणात एक खोली होती. दार इतकं ठेंगणं की वाकूनच आत जावं लागे, आणि आत भिंतीत ओळीने बारा कोनाडे. मला राहवेना. धुणीभांडी करणाऱ्या कौसल्याबाईंना विचारलं.

"मले काय मालूम, बाई? माही माय सांगे, भल्या पहाटे सिस्टर तिथी जात, अन् आतून गाण्यावानी आवाज ये."

मग काय! बारा कोनाडे म्हणजे बारा सिस्टरांचे बारा दिवे, ठेंगणं दार म्हणजे देवापुढची नम्रता आणि पहाटेचा आवाज म्हणजे भजन, हे मी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. सासूबाईंचं सोवळं कडक, पण इतकी वर्षं प्रार्थना झालेली जागा म्हटल्यावर त्याही विरघळल्या. बाळकृष्णापासून खंडोबापर्यंत एकेक देव एकेका कोनाड्यात बसला. दौऱ्यावर आलेल्या प्रत्येक साहेबाच्या बायकोला मी वाकवून आत नेत असे. (एक जरा भारदस्त बाई दारात अडकल्या. पुण्य लागेल, असं मी त्यांना सांगितलं.)

एका दुपारी एक म्हाताऱ्या गोऱ्या सिस्टर आपलं जुनं घर पाहायला आल्या. आता इंग्रजी बोलावं लागणार म्हणून मला घाम फुटला. पण बाईंची उभी हयात इथेच गेलेली. त्या थेट कौसल्याबाईंसारखंच बोलत. मी त्यांना देवघरापाशी नेलं आणि माझा सगळा इतिहास ऐकवला. आत सासूबाई जप करत होत्या. सिस्टरांनी वाकून पाहिलं, हात जोडले आणि संकोचून म्हणाल्या, "बाई, राग नोका धरू. इथी आमच्या कोंबड्या राहत होत्या. त्या कोनाड्यात अंडे देत."

जपमाळ थांबली. सासूबाई एकेक देव पदरात घेऊन बाहेर आल्या आणि मला पाणी तापवायला सांगून निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी देवांना तीनदा आंघोळ घातली आणि मला दोनदा.

विषय बदलावा म्हणून मी सिस्टरांना घर दाखवत पुढे नेलं. स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या कोठीत दोन पाट मांडलेले होते. तिथे त्या थबकल्या. "फादर आले का इथी बसून आमी आपापल्या चुका सांगत होतो. मन कसं हलकं होई."

ते मला पटलं. त्याच पाटांवर कौसल्याबाईंना बसवून मी रोज दुपारी मन हलकं करत असे. फक्त चुका सासूबाईंच्या असत.