पडद्यावर लिहिलं होतं म्हणे

"पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं की, संगणक बंद करू नका." हे वाक्य मला गेल्या उन्हाळ्यात इतक्या जणांनी ऐकवलं, की आता आणखी कुणी ऐकवलं तर त्याला मी दुपारी बाराच्या उन्हात अनवाणी उभं करीन. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसानं ऐकवलं, मदतीच्या फोनवरच्या पोरीनं ऐकवलं, आणि सगळ्यात आधी ऐकवलं आमच्या ह्यांनी. लिहिलं होतं, कबूल. पण ज्या माणसापुढं लिहिलं होतं त्याला दिसत नाही, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

दिसत नाही ते माझ्या सासऱ्यांना. मामंजी मूळचे मंगळवेढ्याकडचे. तरुणपणी सोलापुरात आले आणि यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग ठीक करणारा माणूस म्हणून, त्यांनी हयात काढली. काचबिंदूनं त्यांचे डोळे हळूहळू गेले. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं. शेवटी शेवटी पेपर नाकाला लावून बसायचे, आणि एक दिवस तोही घडी करून ठेवून दिला.

त्यानंतर सुरू झालं ते मला आजही आठवायला नको वाटतं. सकाळी मी भाकरी थापत असायची, हे कामावर जायच्या गडबडीत, आणि मामंजी सोफ्याच्या कडेला पेपर मांडीवर घेऊन बसलेले. जो जवळून जाईल त्याला हळूच म्हणायचे, दोन वळी वाच की. आम्ही वाचायचो, नाही असं नाही. पण मथळा वाचला की आमचं झालं. सगळं वाचा म्हणून हट्ट करणारा माणूस तो नव्हे. उलट, मागणं त्यांना इतकं जड जायचं की पुढं पुढं त्यांनी मागणंच सोडलं.

मग अंधशाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं, की संगणक वाचून दाखवतो, मराठीतही. लेक शिकायला पुण्याला गेल्यापासून तिचा जुना संगणक नुसता धूळ खात पडला होता. त्यात तो बोलणारा प्रोग्राम घालून घेतला. तीन-चार बटणांवर नेलपेंटचे जाड थेंब टाकून, वाळवून, मी बोटाला लागतील असे उंचवटे केले. मामंजी आधी लई लाजले, या वयात कुठं शिकू म्हणाले. पण यंत्र म्हटल्यावर त्या माणसाच्या हाताला राहवतंय होय? पावसाळा सरेपर्यंत ते रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकायला लागले.

आणि घर बदललं. जेवायला बसलं की तेच आम्हाला बातम्या सांगायचे. मंगळवेढ्याच्या बाजारात ज्वारी किती गेली, धरणातून पाणी कधी सुटणार, महापालिकेत कोण कुणाला काय म्हणालं. ह्यांनी काही चुकीचं सांगितलं तर तिथल्या तिथं धरायचे. कुणाच्या हातापाया न पडता स्वतःचं स्वतः वाचणं, एवढंच त्यांना पाहिजे होतं आणि ते मिळालं होतं. म्हणून पुढं जे झालं त्याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

ही अपडेटं, म्हणजे संगणकात नव्यानं घालायच्या दुरुस्त्या, पूर्वी यायची नाहीत असं नाही. आमच्या घरातला पहिला संगणक घेतला तेव्हा दुकानदार सर्व्हिस पॅकची सीडी घेऊन स्वतः घरी यायचा. चहा व्हायचा, वेळ कसा जमतोय ते बघायचा, आणि घालू का म्हणून विचारून मगच घालायचा. आता विचारायची पद्धतच गेली. घर आमचं, लाईट आमची, संगणक आमचा. आणि त्यात काय घालायचं, कधी घालायचं, हे ठरवणार कुठल्या मुलखात बसलेला कोण जाणे. रोज एक चौकट यायची, आता की नंतर. "कधीच नको" असं तिसरं बटण नाहीच. मी आपली रोज "नंतर" दाबून शाळेत जायची. शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे, आणि मे महिन्यात निकालाच्या कामामुळं सुट्टी आम्हाला नसते.

त्या दिवशी मामंजी घरात एकटे होते. कुठलातरी लांबलचक लेख लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत बसले होते. ऐकणारा माणूस असाच बसतो. पण बटणाला हात लागत नाही, म्हणजे संगणकापुढं कुणी नाही, असा त्या शहाण्यांचा हिशेब. कुणी नाही तर आपलं काम उरकून घेऊ. मधेच संगणक इंग्रजीत काहीतरी भरभर बोलला, ते मामंजींना कळलं नाही. मग एकदम गप्प झाला. त्यांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग उंचवट्यांची सगळी दाबून पाहिली. आवाज नाही. आतला पंखा मात्र घरघरायला लागलेला.

आता कारखान्यात काय रीत असते ती ऐका. माग वेडावाकडा वागायला लागला की आधी मेन पाडायचा, म्हणजे वीजच तोडायची, मग माग बघायचा. तिथं कापसाचा धुरळा हवेत तरंगत असतो, एक ठिणगी पुरते. मामंजींनी ही रीत आयुष्यभर पाळली आणि दुसऱ्यांना शिकवली. ते भिंतीला धरून दाराशी गेले आणि घराचा मेनचा खटका खाली ओढला. त्यांच्या जागी त्यांच्या कारखान्यातला दुसरा कुणीही असता तरी त्यानं हेच केलं असतं. आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर तो मजकूर झळकत होता. रोज कालच्या पावसापासून आजच्या सोन्याच्या भावापर्यंत सगळं तोंडानं सांगणारा तो संगणक, सर्वांत महत्त्वाचं वाक्य मात्र मुकाट्यानं लिहून बसला होता.

मी घरी आले तर पंखा बंद, फ्रिज बंद, आणि मामंजी घामानं चिंब होऊन खुर्चीत तसेच बसलेले. मेन परत वर करायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. "माझ्या हातनं मोडला बग," एवढंच म्हणाले. मी खटका वर केला, संगणक लावला. तो निम्मा सुरू व्हायचा, पडद्यावर नुसतं चक्र गोल गोल फिरायचं, पुन्हा बंद पडायचा. संध्याकाळी हे आले, त्यांनी वाचलं-बिचलं आणि ते सुप्रसिद्ध वाक्य म्हणाले. मी विचारलं, लिहिलं होतं ते कुणासाठी? ह्यांनी मला गप्प बसवलं. दादांना, म्हणजे मामंजींना, यातलं काही सांगू नकोस, म्हणाले, आधीच मनाला लावून घेतलंय. मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

मदतीच्या फोनचं तर विचारूच नका. वापरणाऱ्यालाच बोलायला द्या म्हणे, नियम आहे. दिला फोन मामंजींच्या हातात. ती पोर गोड आवाजात विचारते, काका, पडद्यावर काय दिसतंय ते जरा वाचून दाखवा. मामंजींनी फोन मला परत दिला. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला. त्या पोरीवर काय ओरडायचं, तिच्यापुढं कागद ठेवलेला असणार आणि ती तो वाचणार.

शेवटी दुकानातनं संगणक दुरुस्त होऊन आला, नवी कोरी सिस्टिम घालून. जुना बोलणारा प्रोग्राम नव्या सिस्टिममध्ये चालत नाही म्हणाले. नवा घातला. नवा आवाज दुसराच, आकडे इंग्रजीत म्हणणारा, आणि बटणांचं काम सगळं इकडचं तिकडं झालेलं. दुकानदार कौतुकानं म्हणाला, आता बघा कसा पळतोय. अरे, पळायला कुणी सांगितलं होतं त्याला? बोलत होता तेवढं बास होतं की.

मामंजींनी त्याला हातच लावला नाही. मी बसा म्हटलं की म्हणायचे, नको, पुन्हा काय तरी हुईल. मी शिकवते म्हटलं, तर तुला कामं हायती. जेवताना बातम्या बंद झाल्या. आणि एका सकाळी मी भाकरी तव्यावर टाकत होते, तेव्हा मागून हळूच आवाज आला, "दोन वळी वाच की." भाकरी उलटायची तशीच राहिली. एवढं सगळं केलं आणि कुणातरी अपडेटवाल्यानं या माणसाला पुन्हा आणून त्याच सोफ्याच्या कडेला बसवलं.

त्यांना सांगू नकोस म्हणे. मी गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. मामंजी, तुम्ही काही मोडलं नाही. पडद्यावर लिहून आलं होतं, बंद करू नका म्हणून. ते तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता.

त्यांनी मांडीवरचा पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मला वाटलं, हे म्हणत होते तेच खरं, सांगायला नको होतं. मग म्हणाले, "मंग मला का न्हाय सांगितलं त्यानं? रोज तर बोलत हुता की."

आणि मामंजी भडकले. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. आंधळ्यासाठी यंत्र केलं म्हणता आणि धोक्याची पाटी डोळ्यांनी वाचायची ठेवता? कारखान्यात असा माग कुणी बसवला असता तर मालकाच्या दारात नेऊन टाकला असता, म्हणाले. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. इतके दिवस ते स्वतःला बोल लावत बसले होते, आता बोल जिथं लागायला पाहिजे तिथं लागला. तक्रार करायची, म्हणाले, आणि तू न्हाय, मी करनार.

करायची म्हणजे नव्या आवाजाशी जुळवून घेणं आलं. रागाच्या भरात बसले ते बसलेच. बटणं कुठली कुठं गेली ते एकेक चाचपून, शिव्या घालत पाठ केलं. मी नेलपेंट काढून नवे उंचवटे केले. अधूनमधून सरावाला म्हणून पेपर लावायचे आणि आकडा आला की त्या आवाजाला झापायचे. दाबलेलं अक्षर ऐकत ऐकत तक्रार लिहायला त्यांना आठवडा लागला, पण अक्षर न् अक्षर त्यांच्या बोटांचं. अपडेट पाठवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर ती घातली, आणि पाठवा म्हटल्यावर पुढं नवीनच चौकट आली. तिथं आवाज पुन्हा अडखळला. मामंजी म्हणाले, काय म्हनतोय गं हा?

मी पुढं होऊन बघितलं. नऊ चित्रं होती. ज्या चित्रांत सिग्नल दिसतोय ती निवडा, म्हणजे तुम्ही माणूस आहात याची खात्री पटेल. बाजूला ऐकायचं बटण होतं, ते दाबलं तर खरखरीत आवाजात कुणीतरी इंग्रजी पुटपुटायला लागलं. हे त्यांना कसं सांगायचं? पण आता काही लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.

मामंजींनी बटणांवरचे हात काढले नाहीत. पडद्याच्या दिशेनं तोंड करून, अगदी शांतपणे म्हणाले, "त्याला म्हनावं, सोलापूरला ये. माझ्यासमोर बस. मानूस हाय का न्हाय, ते बगून जा."